शिवण बाहेरच्या बाजूला

चौकातून वळलं की उजव्या हाताचं तिसरं दुकान. पुढे मोठी काच, काचेला लागून शिलाई मशीन आणि मशीनवर मास्तर. रस्त्याने जाणाऱ्या नव्या माणसाची नजर आधी काचेत टांगलेल्या कोटावर जाते, मग मास्तरांवर, आणि तिथेच अडकते. कपाळावर, गालांवर, मानेवर, हातांच्या पाठीवर गाठीच गाठी. काही मुगाएवढ्या, काही वाटाण्याएवढ्या, डाव्या भुवईवरची एक चांगली बोराएवढी. माणूस थबकतो, नजर चोरतो, चार पावलं पुढे जातो आणि न राहवून मागे वळतो. मास्तरांना हे सगळं पाठ आहे. त्यांचे पाय मशीनवरून हलत नाहीत. नुसती मान वर करून हसतात. आणि तो माणूस आत आलाच तर त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं.

"आधी बघून घ्या पोटभर. मग मापाचं बोलू."

निम्मी गिऱ्हाइकं यावर ओशाळतात. उरलेली खरोखरच बघून घेतात. दोन्ही प्रकारची गिऱ्हाइकं पुन्हा येतात, कारण त्या गाठींच्या हातांनी शिवलेला कपडा अंगावर चढला की दुसऱ्या कुणाचा चढवावासा वाटत नाही.

हे वाक्य मास्तरांनी पहिल्यांदा जिला ऐकवलं ती आज त्यांच्यामागे, उंच स्टुलावर बसून काजं-बटणं आणि तुरपाई करते. सगळे तिला मास्तरीणबाई म्हणतात. बी. ए. झालेली आहे. तिची थोरली बहीण अजून फोनवर विचारते, "एवढं शिकून काजंच करायची होती तर कॉलेजची फी कशाला भरली बाबांनी?" मास्तरीणबाई म्हणते, "ताई, तुझ्या नवऱ्याच्या शर्टाचं काज उसवलं ना की पाठव. बी. ए. पास टाका घालून देते."

सतरा वर्षांपूर्वी तिची नोकरीची पहिली मुलाखत होती. अंगावर घालण्यासारखा कोट नव्हता, म्हणून वडिलांचा जुना कोट तिने बगलेत मारला आणि बाजारातल्या एका मोठ्या टेलरिंगच्या दुकानात गेली. काउंटरवर मालक होता, बोलबच्चन. त्याने माप घेतलं, कोट पडद्यामागे सरकवला. पडद्यामागून फक्त मशीनचा आवाज यायचा. चार दिवसांनी कोट मिळाला तो असा, की जणू वडिलांनी नव्हे, तिनेच आयुष्यभर घातलेला. शिवाय आतल्या बाजूला एक चिंचोळा खिसा. तिने सांगितलाच नव्हता.

"हा कशाला?" तिने मालकाला विचारलं.

पडद्यामागून आवाज आला, "माप देताना तुम्ही पेन सारखं या हातातून त्या हातात घेत होता. मुलाखतीत हात मोकळे असलेले बरे."

"हे कोण बोलतंय?"

"आमचा कारागीर आहे," मालक घाईने म्हणाला. "तो बाहेर येत नाही. गिऱ्हाइकं बिचकतात."

पुढचं काम तिने कसं केलं हे तिला आजही नीट सांगता येत नाही. काउंटरच्या कडेने ती आत गेली आणि पडदा बाजूला केला. समोर पंचविशीतला एक माणूस, तोंडात दोरा, चेहरा गाठींनी भरलेला. तिची नजर सरळ जमिनीवर गेली. तिथे खडूचे तुकडे आणि चिंध्या पडल्या होत्या. त्या मोजत ती उभी राहिली.

"बाई," तो म्हणाला, "चिंध्या रोजच असतात. आधी बघून घ्या पोटभर. मग कोटाचं बोलू."

तिने मान वर केली आणि बघितलं. चांगलं बघितलं. नोकरी मिळाली. वर्षभरात लग्नही झालं, घरच्यांच्या नाकावर टिच्चून. नोकरीतून साठलेल्या पैशांत हे काचेचं दुकान घेतलं, तेव्हा मशीन कुठे ठेवायचं यावर दोघांत चर्चासुद्धा झाली नाही. पुढे, काचेला लागून.

मास्तरांच्या गाठी तेराव्या वर्षी सुरू झाल्या. पहिली पोटावर. शाळेत पोरं त्यांना 'कारल्या' म्हणायची. हे सांगताना मास्तर आजही हसतात, पण जरासंच. घरात जो येईल तो एक इलाज सांगून जायचा: हे चोळा, ते बांधा, अमुक खाऊ नका. वय वाढत गेलं तशा गाठी वाढत गेल्या. लग्नाआधी तीच त्यांना त्वचेच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टर बाईंनी नऊ अक्षरी नाव सांगितलं, न्यूरोफायब्रोमॅटोसिस.

"बापरे," मास्तर म्हणाले, "एवढ्या पन्ह्याचं कापड मी कधी कापलं नाही."

डॉक्टर बाई हसल्या आणि त्यांनी सगळं समजावून सांगितलं. नसांच्या आवरणावर या गाठी वाढतात. जन्मतःच अंगात असतं, मागून दिसायला लागतं. कुणाला लागत नाही. सहसा घातही करत नाहीत, पण एखादी झपाट्याने वाढली, कडक झाली, सारखी दुखू लागली, तर थांबायचं नाही, दाखवायचं. मग त्यांनी मास्तरांच्या दंडावरची एक मऊ गाठ बोटाने दाबली. बोट कातडीत आत गेलं, जणू खाली भोकच आहे.

"आम्ही याला काजाची खूण म्हणतो," त्या म्हणाल्या.

मास्तर इतके खूश झाले की बाहेर पडेपर्यंत तेच बोलत होते. "ऐकलंस का? बटणं तर होतीच. आता काजंही निघाली. फक्त शर्ट शिवायचा राहिलाय."

मास्तरीणबाई हसली नव्हती. तिच्या कानात डॉक्टरांचं शेवटचं वाक्य घोळत होतं. मूल झालं तर त्याला हे येण्याची शक्यता निम्मी.

लग्नानंतर दोन वर्षांनी मुलगी झाली. पहिल्या महिन्यात आंघोळ घालताना मास्तरीणबाईने तिच्या अंगावरचे दुधाळ चहाच्या रंगाचे डाग मोजले. सात. तिच्या हातातला तांब्या खाली आला. मास्तर मात्र डागांवरून बोट फिरवत म्हणाले, "बघ तरी, काय सुंदर छापील कापड आलंय! ठिपकीच आहे आमची." आणि नाव पडलं ते पडलं. कागदोपत्री मुलीचं चांगलं नाव आहे, पण घरात आणि दुकानात ती ठिपकी. मास्तरीणबाईला हे नाव आवडायचं नाही. जे झाकायचं तेच हाकेत कशाला, असं तिला वाटायचं. पण मुलगी स्वतःच नाव सांगायची, "मी ठिपकी," छाती काढून.

वर्षाला एकदा डोळे तपासायचे, रक्तदाब बघायचा, पाठीचा कणा बघायचा. हे मास्तरीणबाईने एकदाही चुकवलं नाही. बाराव्या वर्षी ठिपकीच्या उजव्या खांद्याच्या फऱ्यावर पहिली गाठ आली, मग दंडाजवळ दोन. तेव्हापासून दर रविवारी आंघोळ झाली की मास्तरीणबाई तिला पाठमोरी बसवून सगळी पाठ बोटांनी चाचपायची.

"आई, किती मळशील? मी काय कणीक आहे का?"

"गप्प बस. हलू नकोस. ही मागच्या वेळी एवढीच होती ना?"

"एवढीच होती. तू दर रविवारी हेच विचारतेस. तीसुद्धा कंटाळली असेल."

आता मास्तरांच्या हाताबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

दुकानाच्या आतल्या भिंतीला खिळे आहेत आणि प्रत्येक खिळ्याला कागदी नमुने टांगलेले. नमुन्यावर आकडा असतो, नाव नसतं. ज्यांच्या अंगावर काही उंचसखल आहे त्यांच्या नमुन्यावर खडूने छोटं वर्तुळ काढलेलं असतं. बसचालकाच्या मानेवर जुनी गाठ आहे, नेमकी कॉलर बसते तिथे. ग्रंथपाल बाईंच्या छातीवर शस्त्रक्रियेचा वण फुगून दोरखंडासारखा झालाय. बँकेतल्या एका साहेबांच्या पाठीवर चरबीची गाठ आहे, लिंबाएवढी. कोट घातला की कुबड दिसायचं. ही सगळी माणसं कुठून कुठून येतात. मास्तर त्यांना "हे काय आहे" असं कधी विचारत नाहीत. तीनच शब्द विचारतात, "इथे लागतं का?"

लागत असेल तर त्या जागेची शिवण ते बाहेरच्या बाजूला घेतात. म्हणजे कापडाची कापलेली कड, दोरा, जोड, जे काही खरखरीत असतं ते सगळं बाहेर, आणि अंगाकडे नुसतं सपाट कापड. बाहेरच्या शिवणीवर बारीक पट्टी चढवतात, ती नक्षीसारखी दिसते. शिकाऊ कारागीर म्हणतात, मास्तर, हे उलटं झालं. मास्तर म्हणतात, "शिवण दिसली तर दिसू दे. टोचता कामा नये." पंचवीस वर्षांत त्यांचा कपडा टोचला असं एका माणसाने म्हटलेलं नाही. मास्तर कशाचाच तोरा मिरवत नाहीत, फक्त याचा मिरवतात.

अशा माणसाला मास्तरीणबाईने एक गोष्ट सांगितली होती, नऊ वर्षांपूर्वी.

ठिपकीचा शाळेचा पहिला दिवस होता. मास्तर तिला सोडायला गेले. फाटकापाशी एका बाईने मास्तरांकडे बघून आपल्या मुलीला हिसका देऊन मागे ओढलं आणि ती मुलगी घाबरून रडायला लागली. ठिपकीला काहीच कळलं नाही, ती रडणाऱ्या मुलीला आपला रुमाल द्यायला गेली. पण मास्तरीणबाईने रस्त्यापलीकडून सगळं पाहिलं होतं. संध्याकाळी दुकानात ती म्हणाली, "अहो, उद्यापासून मी सोडत जाईन. तुम्ही शाळेत येऊ नका. पोरं चिडवतील तिला."

मास्तरांच्या तोंडात दोरा होता. त्यांनी तो दातांनी तोडला आणि म्हणाले, "बरं."

एवढंच. त्यानंतर मास्तर शाळेत गेले नाहीत. पालकसभा, बक्षीस समारंभ, सगळीकडे मास्तरीणबाई. फक्त दर वर्षी खेळांच्या स्पर्धा असल्या की ते दुकान अर्धा दिवस बंद करायचे आणि मैदानाच्या तारेच्या जाळीबाहेर, सायकल दुरुस्तीच्या टपरीशेजारी, उभे राहायचे. ठिपकीला वाटायचं, दुकानाची घाई असते म्हणून बाहेरूनच बघून जातात. धावता धावता त्या वळणावर ती हात हलवायची. मास्तरीणबाई आत प्रेक्षकांच्या पायऱ्यांवर बसून जाळीकडे न बघण्याची खबरदारी घ्यायची.

ठिपकी आठशे मीटर धावते. यंदा, चौदाव्या वर्षी, आंतरशालेय स्पर्धेसाठी तिची निवड झाली. खेळाचे सर स्वतः दुकानात आले. संघाच्या अकरा जर्सी शिवायच्या होत्या, गडद हिरव्या, बिनबाह्यांच्या.

"बाबा, माझी सगळ्यांसारखी हवी हं," ठिपकीने बजावलं.

"सगळ्यांसारखीच दिसेल. शिवण बाहेर आहे हे कुणाला कळलं तर मशीन विकतो."

जर्सी घालून ती आरशासमोर उभी राहिली. उजव्या खांद्यावरचे दोन डाग, फऱ्यावरची गाठ, दंडाजवळच्या दोन, सगळं उघडं. मास्तरीणबाई पुढे झाली.

"अहो, मुंढा जरा वर घ्या ना. काखेपाशी केवढा खोल झालाय."

"हात मोकळा नको का हलायला?"

"थंडी असते सकाळी."

"आठशे मीटर धावणारीला थंडी?" मास्तरांनी तिच्याकडे बघितलं. तिच्या मनात काय आहे ते त्यांना कळलं होतं. "घालणारीला विचार."

घालणारी आरशात स्वतःला डावीउजवीकडून बघत होती. "मस्त आहे," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मास्तर दोरे आणायला गेले. अकराही जर्सी इस्त्री करून गठ्ठ्यात बांधून ठेवल्या होत्या. मास्तरीणबाईने गठ्ठा सोडला, ठिपकीची काढली, उरलेल्या हिरव्या कापडातून दोन पट्ट्या कापल्या आणि दोन्ही मुंढ्यांना आतून लावल्या. खांदा तीन बोटं झाकला गेला. तुरपाई तिने अशी घातली, की कापडातला एकेकच धागा उचलला. बाहेरून बघणाऱ्याला टाका दिसणार नाही आणि आतून बघणाऱ्याला टोक सापडणार नाही. काम झाल्यावर तिने जर्सी उजेडात धरली. आपल्या हाताचं तिलाच कौतुक वाटलं. पट्टीची कड आतल्या बाजूला, नेमकी फऱ्यावर येते, हे तिच्या ध्यानातच आलं नाही. आयुष्यभर नवऱ्याच्या शिवणी बघत आलेली बाई, पण त्या दुपारी तिची नजर फक्त बाहेरून काय दिसेल यावर होती.

स्पर्धा शाळेच्याच मैदानावर होती आणि सकाळी पहिली फेरी. दोन गट, प्रत्येकी आठ मुली; गटातल्या पहिल्या चौघी थोड्या वेळाने होणाऱ्या अंतिम फेरीत. ठिपकी पहिली चारशे मीटर झकास धावली. मग तिचा उजवा हात आखडला. ती खांदा झटकायची, पुन्हा धावायची, पुन्हा झटकायची. जाळीजवळच्या वळणावर तिने हात हलवला नाही.

मास्तरीणबाईच्या मागच्या पायरीवर दोघीजणी बसल्या होत्या.

"ती हिरव्या जर्सीतली बघ गं. दंडावर काय आहे तिच्या?"

"पुटकुळ्या आहेत वाटतं. आणि डाग बघ. लागट असलं म्हणजे?"

"अशा मुलांना सगळ्यांबरोबर धावायला देतात?"

मास्तरीणबाई ताठ बसून राहिली. मान वळवली नाही. मनात म्हणाली, अजून चार बोटं झाकायला हवं होतं.

ठिपकी चौथी आली, अगदी केसाच्या फरकाने. रेघ ओलांडली आणि पाणी प्यायलाही न थांबता ती सरळ जाळीकडे गेली. मास्तरीणबाई धडपडत पायऱ्या उतरली. सरही निघाले.

"बाबा, टोचतंय," ठिपकी जाळीला पाठ लावून सांगत होती. "तुझी शिवण टोचतेय."

"माझी?" मास्तर म्हणाले.

त्यांनी जाळीच्या भोकातून बोटं घातली. पहिल्या पेरापर्यंतच गेली. तेवढ्या बोटांनी त्यांनी मुंढ्याची कड चाचपली, पट्टी चाचपली आणि बोटं तिथेच थांबली. फऱ्यावरची गाठ लालबुंद झाली होती. मास्तरांनी नजर उचलली आणि मुलीच्या खांद्यावरून मागे उभ्या असलेल्या बायकोकडे बघितलं. क्षणभरच.

"हो गं," ते म्हणाले. "माझंच चुकलं. मुंढ्याला पट्टी लावली मी. गाठीचं ध्यानातच राहिलं नाही."

"मास्तर, तुमच्या हातून?" सरांना खरं वाटेना.

"होतं सर. वय झालं."

मास्तरीणबाईला हे ऐकवेना. पंचवीस वर्षांत जे कुणी म्हणालं नव्हतं, ते हा माणूस स्वतःच्या तोंडाने, जाळीबाहेर उभा राहून, तिच्यासाठी म्हणत होता. चेहऱ्याकडे कुणी कसंही बघितलं तरी ज्याला फरक पडत नव्हता, त्याने आपली एकुलती एक मिरवायची गोष्ट काढून दिली होती.

"त्यांनी नाही," ती म्हणाली. "पट्टी मी लावली."

ठिपकीने मान वर केली. "तू? का?"

"झाकायला."

ठिपकीने खांदा चोळला. रागावली असती तर बरं झालं असतं. "पाठीवरचं मला दिसतच नाही गं आई," ती म्हणाली. "मला नुसतं टोचतं."

"अंतिम फेरीला वीस मिनिटं आहेत," सर म्हणाले. "कात्रीने कापून टाकू."

"कात्री नको!" जाळीबाहेरून आणि आतून दोघं एकदम ओरडले. कात्री चालवली तर बाहेरची शिवणही कापली जाणार होती आणि सगळा खांदा उसवणार होता.

"मग तुम्ही उसवा, मास्तर."

"मी?" मास्तर म्हणाले. "सर, हिच्या तुरपाईचं टोक मला आजवर सापडलेलं नाही. चष्मा लावून नाही आणि काढूनही नाही. जिने घातलीय तिनेच काढायची."

मास्तरीणबाईच्या पर्सच्या पट्ट्याला सुई कायम टोचलेली असते. तिने ती काढली. एकटीने कापड ताणून धरायचं आणि उसवायचं, जमणार नव्हतं. तिने जाळीकडे बघितलं.

"अहो, आत या."

मास्तर हलले नाहीत. "येऊ?" त्यांनी विचारलं.

नऊ वर्षांपूर्वीचा तो 'बरं' तिला आठवला. "या म्हणते ना!" ती जवळजवळ ओरडलीच. "पळत या!"

फाटक मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होतं. मास्तर चपला फटफटवत, सुई-दोऱ्याची धोपटी सांभाळत, जाळीच्या कडेकडेने पळत सुटले. फाटकातून आत शिरले आणि अख्ख्या मैदानाच्या समोरून पळत आले. पायऱ्यांवरची माणसं बघत होती. बघेनात का, मास्तरीणबाईच्या मनात आलं, आणि आपल्याच विचाराचं तिला नवल वाटलं.

मैदानाच्या कडेला, भर उन्हात, ठिपकी पाठमोरी बसली. मास्तरांनी दोन्ही हातांनी जर्सी ताणून धरली, दुकानात धरतात तशीच. मास्तरीणबाईने कापडावरून अंगठा फिरवला आणि टोक शोधलं. सापडलं. एकेक टाका उचलायचा, सुईने ओढायचा, पुढचा.

"हलू नकोस."

"हलत नाहीये."

"श्वास तरी घे गं," मास्तर म्हणाले. "कपडा आहे, बॉम्ब नाही."

ठिपकी हसली तसा सगळा खांदा हलला आणि दोघींनाही मास्तरांनी दटावलं. शेवटचा इंचभर दोरा गाठीला चिकटून गुरफटला होता. सुईने ओढला तर तिला लागणार. मास्तरीणबाईने तोंड खाली नेलं आणि दोरा दातांनी तोडला. तिच्या ओठांना ती गाठ लागली, मऊ, गरम. दर रविवारी बोटांनी जोखलेली. पट्टी सुटून हातात आली.

"आता डावी," ती म्हणाली.

"डावीकडे गाठ नाही. वेळही नाही," ठिपकी उठली. एक खांदा झाकलेला, एक उघडा. तिने उजवा हात गरागरा फिरवून बघितला. "चालतंय!" आणि गेली.

मास्तरीणबाई नवऱ्याला घेऊन पायऱ्यांवर आली. तिच्या जुन्याच जागेवर. मागच्या दोघी तिथेच होत्या. मास्तर बसले तशी मागे चुळबुळ झाली.

"अगं बाई, यांना तर तोंडभर... इकडे सरक तू."

या वेळी मास्तरीणबाई वळली. सगळं अंग वळवून वळली.

"हे माझे मिस्टर," ती म्हणाली. "आणि ती एक खांदा उघडा असलेली आमची मुलगी. जन्मापासूनचं आहे, नसांवर गाठी येतात. शेजारी बसून, हात लावून, कुणाला होत नाही. सोळा वर्षं मी यांच्याबरोबर राहते, मला एक साधी पुटकुळी आलेली नाही. तेव्हा आधी बघून घ्या पोटभर. मग रेस बघू."

मास्तर जमिनीकडे बघत बसले होते, पण त्यांचे कान लाल झालेले तिला दिसले. आपलं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

मागची बाई ओशाळली. "तसं नव्हे हो..." मग थोड्या वेळाने, पुढे वाकून, हळूच मास्तरांना, "माझ्या भावाच्या मानेवर गाठ आहे. डॉक्टर म्हणतात काही नाही, पण कॉलर घासते. तुम्ही शर्ट..."

"घेऊन या," मास्तर म्हणाले. "चौकातून उजवीकडे, तिसरं दुकान."

"अहो, सुटल्या!" मास्तरीणबाईने त्यांचा दंड धरला.

मैदानाचा पहिला वळसा पूर्ण झाला तेव्हा ठिपकी पाचवी होती. वळणावर सवयीने तिने जाळीकडे बघितलं, तिथे कुणी नव्हतं. मग तिने मान वळवली आणि पायऱ्यांवर दोघांना शेजारी शेजारी पाहिलं. हात हलवला तो असा, की सरांनी कपाळावर हात मारला. पण त्यानंतर तिने एकेकीला मागे टाकायला सुरुवात केली. पाचवीची तिसरी, शेवटच्या सरळ पट्ट्यात तिसरीची दुसरी. पहिली मुलगी चार पावलं पुढे होती आणि पुढेच राहिली. मास्तरीणबाई कधी उभी राहिली, काय ओरडली, तिला आठवत नाही. मास्तर सांगतात, "ठिपके! ठिपके!" असंच ओरडत होती. ती म्हणते, शक्यच नाही.

सरांनी पुढच्या वर्षीच्या अकराही जर्सींच्या शिवणी बाहेर घ्यायला सांगितल्या आहेत. बाकीच्या मुलींनीच मागणी केली. त्यांनाही म्हणे कायम काखेत टोचायचं, पण बोलायचं कुणी?

ती जर्सी आता दुकानाच्या काचेत टांगलेली आहे, कोटाच्या शेजारी. एक खांदा उघडा, एक झाकलेला. डावी पट्टी उसवायची असं मास्तरीणबाई रोज म्हणते. मास्तर हात लावू देत नाहीत. नवीन शिकाऊ आला की ती खाली काढतात, आतली बाजू वर करून त्याच्यासमोर पसरतात आणि मागच्या स्टुलाकडे बोट दाखवतात.

"ही आमच्या हिची तुरपाई. टोक शोधून दाखव. सापडलं, तर उद्यापासून तू मास्तर."

अजून कुणाला सापडलेलं नाही.